जाड-बारीक अक्षर: 'ठसठशीत' की 'डौलदार'?

(बोलणारे आपापल्या गावाच्या नावाने.)

धुळे: बोडोनी, दिदो या घराण्यातल्या रोमन टाइपाला (इंग्रजी अक्षरांच्या वळणाला) एका ठिकाणी 'उच्च विरोधाभासी सेरिफ' (इंग्रजीत 'हाय कॉन्ट्रास्ट') म्हटलंय. चालेल का?

जळगाव: नाही भाऊ. विरोधाभास हा अलंकार. वरवर विरोध, आत नाही. इथे उभी रेघ जाड, आडवी केसाएवढी, इतकंच. छापखान्यात 'जाड-बारीक' म्हणतात, तेच लिहा. फारच शास्त्रीय हवं असेल तर 'रेघेतली तफावत'. 'सेरिफ', म्हणजे अक्षराच्या टोकाची छोटी रेघ, मात्र तसाच राहू द्या. 'तळरेघ' म्हटलं तर वरच्या टोकाची रेघ कुठे जाते? या घराण्यात ती खांबाला बाक न देता सरळ काटकोनात टेकते, हीच ओळख. पॅरिसच्या फर्मिन दिदोने १७८४च्या सुमारास आणि पार्म्यात बोडोनीने (१७४०–१८१३) हे वळण पक्कं केलं. गुळगुळीत कागद मिळू लागला होता म्हणूनच ते छापता आलं.

धुळे: आणि या टाइपाला विशेषण? 'ठसठशीत'?

जळगाव: ते उलट झालं. ठसठशीत म्हणजे लांबून वाचता येणारं, भरदार, बसची पाटी. 'सुबक' म्हणजे नेटकं, बेताचं. याला 'डौलदार' शोभतं. जरा 'नखरेल' म्हटलं तरी खोटं नाही, कारण जागा मोठी लागते.

भुसावळ: नखरा आकड्यात सांगतो. ७२ पॉइंटला (पॉइंट हे अक्षराचं माप) बारीक रेघ १ पॉइंट असेल, तर ९ पॉइंटला तीच ०.१२५ पॉइंट, म्हणजे साधारण ०.०४ मिमी. वर्तमानपत्राच्या कागदावर ती उडते आणि 'm'चे नुसते तीन खांब उरतात. सराफाच्या डबीवर मोठं नाव सोनेरी फॉइलमध्ये खुलतं. त्याच डबीवरचा पत्ता या टाइपात घेऊ नये. केळीच्या खोक्यावर तर नकोच, नालीदार पुठ्ठा बारीक रेघ धरत नाही.

रिव्हर्स मारताना, म्हणजे काळ्यावर पांढरं अक्षर काढताना, चार शाया मिसळून केलेला काळा टाळा. एक रंग किंचित सरकला की पांढरी रेघ बुजते. नुसता काळा १०० टक्के ठेवा आणि सर्वांत बारीक रेघ अर्ध्या पॉइंटखाली जाऊ देऊ नका. कोरल या सॉफ्टवेअरमध्ये ०.२ पॉइंटची त्याच रंगाची आउटलाइन देऊन रेघ सावरते, पण 'e'चा डोळा लहान होतो. त्यापेक्षा लहान आकारासाठी मुद्दाम काढलेला कट (टाइपाची आवृत्ती) घ्यावा. आयटीसी बोडोनीत ६, १२ आणि ७२ पॉइंटसाठी असे तीन वेगळे आहेत.

धुळे: पत्रिकेत वर रोमन नाव, खाली मराठी असेल तर?

जळगाव: देवनागरीत जाड-बारीक आहेच, पण बोरूच्या तिरक्या कापातून आलेलं. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ बारीक, हे बघा. रोमनसारखं उभं-आडवं नाही. म्हणून वळण जुळवत बसू नका, रंग जुळवा: दोन्ही ओळी हातभर अंतरावरून सारख्या काळ्या दिसायला हव्यात. शीर्षकाला रोझा वन हा फाँट चालतो, मजकुराला टिरो देवनागरी मराठी. अनुस्वार आणि रफार मात्र छापून तपासा, पडद्यावर ते नेहमी फसवतात.