एफपीयू असूनही गणित मंद का चालते?

कॉर्टेक्स-एम४ या मायक्रोकंट्रोलरमधल्या प्रोसेसरमध्ये एफपीयू (दशांश संख्यांचे गणित करणारा हार्डवेअरचा भाग) सुरू करूनही सिग्नल फिल्टरचे गणित मंदच चालते, या तक्रारीबाबत एक मुद्दा जोडावासा वाटतो. हा एफपीयू फक्त ३२ बिटी, म्हणजे सिंगल प्रिसिजनचा आहे. सी भाषेत ०.१ असा नुसता स्थिरांक लिहिला की तो डबल (६४ बिटी) ठरतो, सोबतच्या फ्लोटचेही (३२ बिटी संख्येचेही) डबलमध्ये रूपांतर होते आणि तो गुणाकार हार्डवेअरऐवजी लायब्ररीतल्या सॉफ्टवेअर फंक्शनकडे जातो. डिसअसेंब्लीत (तयार कोडच्या मशीन-सूचनांच्या यादीत) 'एईएबीआय_डीमल' हे त्या फंक्शनचे नाव दिसले, तर कारण हेच समजावे. स्थिरांकाच्या शेवटी 'एफ' लावावा, साइन फंक्शनऐवजी त्याचे फ्लोट रूप साइनएफ वापरावे आणि जीसीसी या कंपायलरचा डबल-प्रमोशनचा (फ्लोटचे नकळत डबल होण्याबाबतचा) इशारा कायम चालू ठेवावा. एवढे करून पाहिल्याशिवाय सगळा कोड फिक्स्ड पॉइंटमध्ये (दशांश संख्या पूर्णांकांच्या रूपात हाताळण्याच्या पद्धतीत) नव्याने लिहायला घेऊ नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.