अरीना की स्विस: आधी घड्याळ बघा

प्रश्न असा, की ऑनलाइन बुद्धिबळाच्या स्पर्धांमध्ये नवख्याने अरीना खेळावं की स्विस. रेटिंगपेक्षा (खेळाडूच्या ताकदीच्या आकड्यापेक्षा) तुमच्याकडे सलग वेळ किती आहे, ते आधी बघा. अरीना ठरलेल्या वेळेपुरती चालते. मध्येच आलात, दोन डाव खेळून उठलात तरी कुणाचं अडत नाही. पण तिथे गुणांचं गणित वेगळंच. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर विजयाला २, बरोबरीला १, आणि सलग दोन डाव जिंकले की पुढच्या डावांचे गुण दुप्पट. त्यामुळे बरोबरी झाली की साखळी तुटते, आणि माणूस समसमान स्थितीतही उगाच जोर लावून हरतो (मी कैकदा हरलोय). बर्सर्क तर नवख्यांनी विसराच! एका जादा गुणासाठी निम्मा वेळ सोडायचा, वर इन्क्रिमेंट, म्हणजे दर खेळीला मिळणारा जादा वेळ, तोही जातो.

स्विसमध्ये फेऱ्या ठरलेल्या, बरोबरीला अर्धा गुण, आणि हरलात तरी बाद होत नाही. पुढचा प्रतिस्पर्धी साधारण तुमच्याइतक्याच गुणांचा मिळतो. फक्त तुमचा डाव लवकर संपला तर इतरांचे संपेपर्यंत ताटकळावं लागतं. मी तेवढ्यात हरलेला डाव उलगडून बघतो. तुम्हाला विचार करून खेळायचं असेल तर १०+५ चं (१० मिनिटं आणि दर खेळीला ५ सेकंद) स्विस घ्या.