प्रश्न विजेपेक्षा व्यवहार्यतेचा आहे

ब्लॉकचेनला, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपल्या जाणाऱ्या आणि मागाहून न पुसता येणाऱ्या नोंदींच्या साखळीला, प्रचंड वीज लागते, म्हणून रुग्णांच्या नोंदींसाठी ती नकोच, हा आक्षेप बिटकॉइनच्या बाबतीत रास्त आहे. तिथे परस्परांना अनोळखी असलेले हजारो संगणक एकच कोडे सोडवण्याची स्पर्धा करतात आणि वीज खर्च होते ती त्या स्पर्धेवर. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकचेनने सप्टेंबर २०२२मध्ये ही पद्धत सोडली, तेव्हा त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. रुग्णालये, प्रयोगशाळा आणि विमा कंपन्या अशा ओळखीच्या मोजक्या संस्थांच्या साखळीत तर या स्पर्धेची गरजच नसते.

माझ्या मते खरी अडचण व्यवहारातली आहे. एमआरआयची शेकडो एमबींची फाइल साखळीत ठेवणे परवडत नाही. तिथे फक्त तिचा ६४ अक्षरांचा डिजिटल ठसा (फाइलवरून गणिताने काढलेला, फाइल जराही बदलली की बदलणारा संकेत) ठेवता येतो. एस्टोनियानेही हेच केले: नोंदी नेहमीच्या डेटाबेसमध्येच राहिल्या आणि त्यांत कोणी फेरफार केला का, एवढेच ठशांवरून तपासले जाऊ लागले. पण नोंदणी खिडकीवरच रक्तगट 'बी पॉझिटिव्ह'ऐवजी 'बी निगेटिव्ह' लिहिला गेला, तर साखळी ती चूकही तितक्याच निष्ठेने जपेल. शिवाय २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे (त्याला अपवाद आहेत, हे खरे), आणि न पुसता येणे हाच साखळीचा गुण. म्हणून रुग्णाची ओळख पटवणारी कोणतीही माहिती थेट साखळीवर जाऊ नये, असे मला ठामपणे वाटते.