मधला दुवा प्रेसमधल्या प्लेटचा

एकांनी विचारलंय, सेनेफेल्डरनं १७९६ मध्ये शोधलेल्या दगडी छापापासून (लिथोग्राफी) एकदम कॉम्प्युटरच्या चिपपर्यंत उडी पडली कशी? मधला दुवा आमच्या लातूरच्या ऑफसेट प्रेसमध्येही दिसायचा. उजेडानं बदलणारा लेप दिलेल्या अ‍ॅल्युमिनियम प्लेटवर फिल्म ठेवून प्रखर उजेड द्यायचा, नको तो लेप धुऊन टाकायचा. लग्नसराईतल्या पत्रिका अशाच निघत (आता प्लेट थेट कॉम्प्युटरवरून येते). चिप बनवतानाही मास्क (म्हणजे फिल्मसारखाच नक्षीचा साचा), लेप, उजेड, धुणं तेच. शाईऐवजी कोरणारं रसायन. दगडी छाप आणि ऑफसेट ज्यावर चालतात, ते तेलकट शाई आणि पाण्याचं वैर मात्र चिपमध्ये सुटलं. म्हणून चिपचा खरा पूर्वज मला फोटोग्राफीचा फ्रेंच जनक निएप्स वाटतो. लिथोग्राफीच्या नादातून तो प्रकाशाकडे वळला आणि १८२० च्या दशकात उजेडानं कडक होणाऱ्या डांबराचा थर देऊन त्यानं धातूचे पत्रे आम्लानं कोरले.