अकरा घरांसाठी दीड किलोमीटर पाइप?

मी वर्धा जिल्ह्यातला ग्रामपंचायत सदस्य. गावाबाहेर कापसाच्या वावरात ले-आऊट पडला. प्लॉट साठ, घरं अकरा. बाकी नुसती तरोट्याची झाडं. पाण्याचा पाइप एकदाच टाकायचा, पण लिकेज, दिव्यांचं बिल, नालीसफाई कायमची. अकरा जणांच्या घरपट्टीत भागंल कसं?

— नाही भागत भाऊ. गावठाणात तेवढ्याच पाइपावर शंभर नळ चालतात. आमच्याकडं ले-आऊटच्या रस्त्याचा मुरूम दुसऱ्याच पावसाळ्यात वाहून गेला. ले-आऊटवाला तवाच प्लॉट विकून मोकळा.

— पंधराव्या वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला आलेले (२०२१-२६) पैसे?

— त्यातले ६० टक्के पाणी-स्वच्छतेसाठीच राखीव होते. रस्ता कशातून करता? रिकाम्या प्लॉटवर कर लावला का पहिले, सांगा.

— नाही लावला. अर्धे मालक नागपूरचे, फोनच उचलत नाहीत.