विषय: तुलांबेनला जाण्याआधी हलकी बीसीडी घ्यायची आहे

प्रेषक: मुग्धा (पुंगोल)

नमस्कार मंडळी,

आपल्या सिंगापूरच्या मंडळात डायव्हिंग करणारे बरेच जण आहेत, हे कोजागिरीच्या गप्पांत कळलं, म्हणून इथेच विचारते. माझे आत्तापर्यंत २६ डाइव्ह झालेत, सगळे भाड्याच्या बीसीडीवर, म्हणजे हवा भरून पाण्यात तरंगण सांभाळणाऱ्या जॅकेटवर. मास्क, फिन्स, सूट, रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घ्यायचं यंत्र) आणि डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचे आहेत. आता पहिली बीसीडी घ्यायची आहे.

मागच्या महिन्यात मलेशियाच्या तिओमान बेटावर मला जे जॅकेट मिळालं, ते पाण्यावर हवा भरली की कानापर्यंत वर चढायचं. हनुवटी आत रुतायची आणि लाट आली की तोंडात पाणी. बोट येईपर्यंतची ती १० मिनिटं अख्ख्या डाइव्हपेक्षा जास्त दमवून गेली. माझी उंची १५५ सेमी, वजन ४९ किलो.

पुढच्या महिन्यात बालीत तुलांबेनला जाणार आहे. तिकिटात २० किलो सामान आहे. डिसेंबरमध्ये घरी पुण्याला, आणि तिथून चार दिवस मालवण. दुकानदाराने दोन दाखवल्या. एक २ किलोच्या आसपासची, घडी होणारी. दुसरी साडेतीन किलोची, पाठीला गुबगुबीत गादी असलेली. हातात घेतल्यावर दुसरीच आरामाची वाटते. काय करू?

– मुग्धा


प्रेषक: शुभदा (क्लेमेंटी)

मुग्धा,

कानापर्यंत चढणारं जॅकेट मी सात वर्षं सोसलं, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून लिहितेय. त्या दिवसांत मला वाटायचं की आपल्यालाच पाण्यावर नीट थांबता येत नाही. खरं म्हणजे माझी पाठ आखूड, आणि जॅकेट माझ्यापेक्षा वीतभर उंच पुरुषाच्या बेताचं. तुझंही तेच झालंय, याची मला जवळजवळ खात्री आहे.

दुकानात जाशील तेव्हा लेबलवरचं वजन सध्या विसर. वेटसूट सोबत ने आणि तो घालूनच बीसीडी चढव. दुकानदाराला तिच्यावर सिलिंडर बांधायला सांग. रिकामं चालेल, पण सिलिंडर हवंच. सगळे पट्टे आवळ आणि मग झडप आपोआप हवा सोडायला लागेपर्यंत पूर्ण फुगव. आता पोटभर श्वास घे. बरगड्या दाबल्या जात असतील तर ती आत्ताच परत कर, पाण्यात ते कमी होणार नाही. कोणाला तरी खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांग. दोन बोटांपेक्षा जास्त वर आली तर मोठी आहे. मान मागे टाकून बघ, डोकं सिलिंडरच्या झडपेवर आपटतंय का. डोळे मिटून उजवा हात मागे ने, कमरेजवळची हवा सोडायची दोरी चाचपडल्याशिवाय सापडली पाहिजे. बायकांसाठीच्या मापात खांद्याचे पट्टे छातीच्या बाहेरून वळवलेले असतात आणि पाठ आखूड असते. ते आधी घालून बघ. पण लेबलवर बाईचं चित्र आहे म्हणून घेऊ नकोस. माझ्या एका मैत्रिणीला पुरुषांची स्मॉल जास्त बरोबर बसते.

आता गादीबद्दल. दुकानात उभं असताना सिलिंडरचा सगळा भार खांद्यावर असतो, म्हणून गादी हवीशी वाटते. पाण्यात तो भार राहतच नाही. आणि ती गादी म्हणजे फोम. फोम तरंगतो, आणि त्याला खाली न्यायला तुला शिसं जास्त बांधावं लागतं. माझ्या जुन्या जाड जॅकेटबरोबर मी ५ किलो लावायचे, आता त्याच ३ मिमीच्या सूटमध्ये ४ लावते. ते एक किलो मी इतकी वर्षं फक्त फोम बुडवण्यासाठी वागवत होते.

शिवाय फोम पाणी पितो. तिओमानहून परत निघताना सकाळी मी जुनं जॅकेट सामानाच्या काट्याला लटकवलं. कोरडं असताना ३.९ किलो, रात्रभर टांगून ठेवल्यावरही ४.८. ते फेरीने आलो म्हणून निभावलं, विमानाच्या काउंटरवर हेच ९०० ग्रॅम बॅग उघडायला लावतात. आत्ताची माझी प्रवासी बीसीडी कोरडी २.२ आहे आणि दोन तासांत वाळते. म्हणून दुकानातला आकडा बघताना परतीचा आकडाही मनात धर.

हवेची पिशवी फार मोठी नको. तुलांबेनला अॅल्युमिनियमचं ११ लिटरचं सिलिंडर मिळेल. २०० बार दाबाला भरलेल्या त्याच्यातल्या हवेचंच वजन सुमारे २.७ किलो असतं. म्हणजे सुरुवातीला तू तेवढी जास्त जड असतेस, आणि शेवटी ५० बारला तेच सिलिंडर किलोभर तरी वर ओढायला लागतं. त्यात खोलीवर सूट दबून कमी झालेली दीड-दोन किलोची तरंगण मिळव. बीसीडीला भरून काढायचंय ते एवढंच, चार-पाच किलो. वर आल्यावर शिशासकट सगळा सरंजाम तुझ्याशिवायही तरंगला पाहिजे, ही दुसरी अट. गरम पाण्यात, पातळ सुटाबरोबर ११ ते १३ किलो उचलणारी पिशवी या दोन्हीला पुरते. २० किलोवाली घेतलीस तर पाण्यात नुसतं कापड फडफडत राहील आणि हवा कोपऱ्यात अडकेल.

हलक्या बीसीडीत काय काय कापलेलं असतं, तेही बघून घे. खिसे लहान असतात. पृष्ठभागावर सोडायचा नळीसारखा फुगा आणि रीळ दोन्ही मावतात का, ते प्रत्यक्ष घालून बघ. सामान अडकवायच्या रिंगा कमी असतात, ते चालतं. शिशाचे खिसे बहुतेकींत असतात, पण त्यांचा चाप मात्र हाताने दहा वेळा लावून-काढून बघ. आणि सिलिंडरचा पट्टा बहुधा एकच असतो.

या पट्ट्याची गोष्ट सांगते. तुलांबेनला किनारा वाळूचा नाही, काळ्या गोल गोट्यांचा आहे. गावातल्या बायका सिलिंडर डोक्यावर घेऊन त्या गोट्यांवरून अनवाणी चालत येतात, आणि आपण नुसते फिन्स हातात धरून धडपडत असतो. पहिल्या सकाळी मी कोरी बीसीडी कोरडीच सिलिंडरवर आवळली. समोर लिबर्टी जहाज. १९४२ च्या जानेवारीत जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारलं, मग ते याच किनाऱ्यावर आणून टेकवलं, आणि १९६३ मध्ये अगुंग ज्वालामुखी उसळला तेव्हा घसरून पाण्यात गेलं. त्याच्या पाठीमागच्या टोकाशी पोचते न पोचते तोच मागे काहीतरी ढिलं वाटलं. नायलॉनचा पट्टा ओला झाला की ताणतो, आणि माझं सिलिंडर चार बोटं खाली घसरलं होतं. तोंडातला रेग्युलेटर ओढला जात होता. सोबत्याने वाळूवर गुडघे टेकायला लावून पट्टा परत आवळला. तेव्हापासून बांधायच्या आधी पट्टा बादलीत बुडवते, मग आवळते, आणि सिलिंडरची झडप न धरता, पट्टा धरून सगळं उचलून हलवते. हललं तर परत आवळायचं.

– शुभदा


प्रेषक: नाना (बुकित बाटोक)

शुभदाताईंनी मापाचं सांगितलं, ते शब्दशः खरं आहे. एक वेगळा पर्याय मांडतो. मी प्लेट आणि विंग वापरतो. पाठीला धातूची पट्टी, तिच्यातून ओवलेला ५ सेमी रुंदीचा एकच अखंड पट्टा, मागे हवेची पिशवी. पट्टा आपल्या अंगावर धरून कात्रीने कापायचा, म्हणजे १५५ सेमी असो की १८५, माप चुकतच नाही. फाटण्यासारखं काही नाही. बकल तुटलं तर कुठल्याही डायव्ह सेंटरवर मिळतं.

स्टीलची प्लेट अडीच-तीन किलोची असते, विमानाला ती नको. अॅल्युमिनियमची साधारण एक किलोची येते. सगळं जोडून माझं ३ किलोच्या आत बसतं, म्हणजे मुग्धाच्या २ किलोवालीपेक्षा जडच. पण ते मला पंधरा वर्षं पुरलंय.

एक गोष्ट मात्र आधी कळायला हवी. पिशवी फक्त पाठीमागे असली की, मग ती विंग असो की प्रवासी बीसीडी, वर आल्यावर जास्त हवा भरली तर ती तोंडावर पाडते. मुग्धा, तुला तिओमानचा अनुभव आहे म्हणून मुद्दाम सांगतो. हवा थोडीच भरायची, मागे रेलून बसल्यासारखं पाय पुढे घ्यायचे, आणि शिशातले एक-दोन किलो सिलिंडरच्या पट्ट्यावरच्या खिशात, मागे ठेवायचे.

– नाना


प्रेषक: मुग्धा (पुंगोल)

शुभदाताई, नाना,

काल दुकानाच्या तलावात दोन्ही घालून बघितल्या. गादीवाली पूर्ण फुगवल्यावर श्वास अर्ध्यात अडकला. घडीवाली पहिल्यांदा थोडी तोंडावर झुकली, मग नानांनी सांगितल्याप्रमाणे २ किलो मागे सरकवले तर आरामात बसून राहिले. ताई, दोन बोटांची परीक्षा बायकांच्या एक्स्ट्रा स्मॉलमध्ये पास झाली, स्मॉल चार बोटं वर आली. उचल ११ किलो लिहिली आहे.

नानांची विंग मनात आहे, पण ५० डाइव्ह झाल्यावर. आज काटा लावून सगळं मोजलं: बीसीडी २.१, रेग्युलेटर २.६, फिन्स १.७, सूट १.४, मास्क-टॉर्च-फुगा मिळून १.५. नऊ किलो ३०० ग्रॅम. रेग्युलेटर, कॉम्प्युटर आणि बॅटरीचा टॉर्च हातातल्या बॅगेत घेतला तर कपड्यांना भरपूर जागा.

फ्लॅटमध्ये ही धुवायची-वाळवायची कशी? आणि मालवणला नेण्यात अर्थ आहे का?

– मुग्धा


प्रेषक: शुभदा (क्लेमेंटी)

मुग्धा, फार बरं वाटलं वाचून.

धुण्याचं मनापासून ऐक. बाहेरून सगळेच धुतात, खरं मीठ आत बसतं. इन्फ्लेटरचं, म्हणजे हवा भरायच्या बटणाच्या नळीचं, तोंड उघडं दाबून धर, नळाने लिटर-दीड लिटर गोडं पाणी आत सोड, थोडी हवा फुंक, उलटीसुलटी हलव, आणि खालच्या झडपेतून काढून टाक. दोनदा. मग अर्धी फुगवून कपड्यांच्या बांबूवर सावलीच्या बाजूला लटकव, उन्हात कापड विटतं. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नकोस.

हे इतकं का सांगते, तर एकदा भाड्याच्या बीसीडीचं हवा भरायचं बटण १४ मीटरवर आत अडकलं. मिठाचे खडे. पिशवी आपोआप फुगत होती आणि मी वर निघाले होते. डाव्या हाताने इन्फ्लेटरला हवा पुरवणारी नळी खेचून सोडवली, उजव्या हाताने मागची दोरी ओढून धरली, तेव्हा थांबले. नवी बीसीडी आली की ती नळी पहिल्या दिवशीच पाच-सहा वेळा लाव आणि काढ. तिच्या टोकाची कॉलर कुठल्या दिशेला सरकते, ते बोटांना कळलं पाहिजे, हातमोजे घालूनसुद्धा.

मालवणला जरूर ने. डिसेंबर तिथला चांगला काळ आहे, पावसाळ्यात समुद्र बंद असतो. मात्र तिथे बहुतेक बोटी पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकांच्या असतात, इन्स्ट्रक्टर त्यांना धरूनच फिरवतो. तुझ्याकडे डायव्हिंगचं कार्ड आहे आणि स्वतःचं सामान आहे, हे निघायच्या आधी फोन करून सांग. खोल जागेवर वेगळी बोट जाते का आणि तुझ्या रेग्युलेटरला त्यांची झडप बसते का, हे दोन प्रश्न विचार. देशांतर्गत विमानाला साधारण १५ किलोच सामान मिळतं, पण पुण्याहून गाडीनेच जाणार असशील तर तो प्रश्न नाही.

येताना बीसीडीच्या घडीत गोडा मसाला ठेवू नकोस, वास महिनाभर जात नाही. मसाल्याला फिन्सच्या पायात जागा असते, डबल पिशवीत.

– शुभदा