मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये लेकीला मॅस्कॉट करायचे चाळीस हजार, द्यावेत का?

बाणेरचा बाप

नमस्कार मंडळी,

तिकडे राहणाऱ्या किंवा जाऊन आलेल्या फुटबॉलवेड्यांचा सल्ला हवाय. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं इंग्लंडला चाललोय. बायकोचा भाऊ लंडनपासून तासाभरावर राहतो, बऱ्याच वर्षांनी भाऊबीज व्हिडिओ कॉलवर न होता समोरासमोर होणार आहे. लेक नऊ वर्षांची. संध्याकाळी टर्फवर फुटबॉल, उरलेला वेळ घरात फुटबॉल. दिवाणखान्यातली ट्यूब एकदा बदलून झाली आहे.

तर मामाने फोनवर भाचीला कबूल करून टाकलं की तुला मॅस्कॉट करतो. म्हणजे सामना सुरू होताना खेळाडूंचा हात धरून मुलं मैदानात येतात ना, ते. त्याच्या घराजवळ चॅम्पियनशिपमधला, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या फळीतला एक क्लब आहे. मला वाटायचं, हे चिठ्ठ्या टाकून किंवा शाळेतून वगैरे होत असेल. मामाने फॉर्म पाठवला तर त्यावर ३५० पाउंड! आपले चाळीस हजारांच्या वर. ही मोठ्या सामन्याची किंमत. प्रतिस्पर्धी लिंबूटिंबू असेल तर थोडं कमी.

त्यात काय मिळतं: शर्ट-शॉर्ट-मोजे असा पूर्ण किट, मोठ्यांची दोन तिकिटं आणि तिचं एक, ड्रेसिंग रूमची चक्कर, सामन्याआधी मैदानावर थोडा वेळ चेंडू खेळणं, खेळाडूबरोबर मैदानात जाणं आणि एक फ्रेम केलेला फोटो. मी त्यांच्याच वेबसाइटवर सुट्या किमती पाहिल्या. किट ५५, मोठ्यांची तिकिटं ३०-३०, लहान मुलाचं १०. झाले १२५. उरलेले २२५ पाउंड खेळाडूंच्या बोगद्यातून मैदानाच्या मध्यापर्यंत चालायचे.

मामा म्हणतो अर्धे मी देतो, भाऊबीज समजा. बायको म्हणते, तिच्या कोचिंगची वर्षाची फी एवढी नाही. मला स्वतःला ठरवता येत नाहीये. तिकडे हे नेहमीचंच आहे का? पैसे भरण्याआधी काय विचारून घ्यावं? आणि एवढ्या पैशांत तिच्यासाठी आणखी काही चांगलं होईल का?

जुना बालेवाडीकर

अरेरे, सात-आठ वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर बालेवाडीत फुकट झालं असतं. एफसी पुणे सिटी होता तेव्हा आमच्या चिरंजीवांच्या अकादमीतून मुलं नेली होती. एक पैसा घेतला नाही. टी-शर्ट दिला, वडापाव दिला, आणि पोरगं बाहेर आलं ते हात धुवायला तयार नाही. २०१४ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, सुरू झाली तेव्हा आपल्याकडे फ्रान्सचा ट्रेझेगे खेळून गेलाय, आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. २०१९ ला क्लबच गुंडाळला आणि जागा हैदराबादला गेली. त्याआधी पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजियन्स गेला. आता पुण्याच्या पोराला आयएसएलचा सामना बघायचा तर अंधेरी नाही तर मडगाव. तेही वेळापत्रक असेल तर! २०२५ ला एआयएफएफ (आपला फुटबॉल महासंघ) आणि एफएसडीएल (लीग चालवणारी कंपनी) यांच्या कराराच्या घोळात अख्खा हंगाम लटकला होता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही, माहीत आहे. राहवलं नाही.

सातासमुद्रापार

इंग्लंडमध्ये बरीच वर्षं आहे, मुलाच्या निमित्ताने यातून गेलोय. जरा सविस्तर लिहितो.

नेहमीचं आहे का? हो आणि नाही. क्लबागणिक वेगळं आहे. २०१८ च्या सुरुवातीला यावर इथल्या पेपरांत चांगलाच गदारोळ झाला होता. तेव्हा प्रीमियर लीगमधला वेस्ट हॅम एका मुलामागे ७०० पाउंडांपर्यंत घेत होता, आणि त्याच लीगमधले आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल, मँचेस्टरचे दोन्ही क्लब काहीच घेत नव्हते. म्हणजे जितका मोठा क्लब तितका महाग, असं नाही. मोठ्यांकडे साधारणपणे मुलांच्या सभासदत्वातून सोडत निघते. फुकट, पण नंबर लागेल तेव्हा. सुट्टीवर आलेल्या माणसाने त्यावर भिस्त ठेवू नये.

आता खरी गोम. तारीख. मूळ वेळापत्रकात शनिवारी दुपारी ३ असं दिसतं, ते दगडावरची रेघ समजू नका. इथे शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात टीव्हीवर थेट सामना दाखवत नाहीत, प्रेक्षक मैदानात यावेत म्हणून. त्यामुळे टीव्हीवाल्यांना जो सामना हवा तो उचलून शुक्रवारी रात्री, शनिवारी साडेबाराला, रविवारी, कुठेही नेऊन ठेवतात. इथल्या माणसाला त्याचं काही नाही. तुमचं परतीचं विमान त्या रविवारी दुपारी असलं तर काय? म्हणून क्लबाला मेलवरच विचारा: सामना हलला तर पैसे परत, की दुसरा सामना? बहुतेक ठिकाणी दुसरा सामना देतात. तुम्ही तोवर पुण्यात.

दुसरं, नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी असते. तेव्हा प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिप दोन्ही बंद. भाऊबीज कधी येतेय ते बघून तिकिटं काढा.

तिसरं, कोणता खेळाडू हात धरणार हे सहसा सांगत नाहीत. काही ठिकाणी कप्तानाबरोबर जाऊन नाणेफेकीला उभं राहायचे जास्त पैसे असतात. आई-बाबांना बोगद्यात सोडत नाहीत, तुम्ही स्टँडमध्ये. मुलं क्लबाच्या माणसांबरोबर असतात, त्यासाठी संमतीपत्र भरावं लागतं. सामना तीनला असला तर मुलांना बाराच्या सुमारास बोलावतात. म्हणजे सामना संपेपर्यंत पाच तास. नऊ वर्षांच्या मुलीला जमेल, पण पोटभर खाऊ घालून न्या.

जाता जाता: तो किट लहान मुलांचा आहे म्हणून ५५ ला आहे, इथे मुलांच्या कपड्यांवर व्हॅट नाही. मोठ्यांच्या मापाचा घ्याल तर व्हॅट लागेल, आणि पर्यटकांना विमानतळावर तो परत मिळायचा ते २०२१ पासून बंद झालंय. आपल्याकडचे लोक अजून पावत्या जपून आणतात.

हिशेबनीस

वरचं ७०० वाचून कॅल्क्युलेटर काढला. अकरा मुलं, प्रत्येकी ७००, घरच्या मैदानावर लीगचे १९ सामने: १,४६,३०० पाउंड. तेही प्रत्येक सामन्याला, प्रत्येक पोरामागे पूर्ण ७०० घेतले असं धरून. प्रीमियर लीगमध्ये तळाला राहणाऱ्या क्लबालाही वर्षाला टीव्ही वगैरेचे १० कोटी पाउंडांच्या वर मिळतात. म्हणजे पोरांकडून येणारी रक्कम हजारात दीडसुद्धा नाही. एवढ्यासाठी शिव्या का खायच्या, हे मला कळलेलं नाही.

बाणेरकर, तुमचा क्लब चॅम्पियनशिपचा आहे. तिथे टीव्हीचा पैसा याच्या आसपासही नसतो, त्यामुळे त्यांनी घेतले तर मी एवढं बोलणार नाही. पण १२५ चं सामान आणि २२५ चं चालणं हा तुमचा हिशेब बरोबर आहे. फ्रेमचे ५ वजा करा हवं तर.

स्पष्टवक्ता

हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले. आम्ही नेहरू स्टेडियमच्या बाहेर खेळाडूंच्या बसमागे धावलोय. काही अडलं नाही.

बाणेरचा बाप

@स्पष्टवक्ता, काका, बस मिळाली का?

@सातासमुद्रापार, फार आभार. तारखेचं डोक्यातच नव्हतं, आणि मामालाही नव्हतं. तो तिथे राहतो, पण क्रिकेट बघतो.

@हिशेबनीस, फ्रेम मान्य.

कोथरूडची आई

तुम्ही सगळे पाउंडांत अडकलात. दादा, एक साधा प्रश्न. लेकीला हा क्लब माहीत आहे का? त्यातला एक तरी खेळाडू ओळखते का ती? माझ्या मुलाला क्रिकेटच्या एका कार्यक्रमात असंच हौसेने पुढे केलं होतं. कोणाचा हात धरला होतास विचारलं तर म्हणाला, एका उंच काकांचा. आणि काही मुलं ऐन वेळी बुजतात, हजारो लोकांचा आवाज अंगावर येतो. तिला विचारलंत का?

बाणेरचा बाप

ताई, रात्री विचारलं. मामाचा क्लब माहीत आहे का? तर "तो लाल आहे की निळा?" ती आर्सेनलवाली आहे, आणि त्यातही मुलींच्या संघाची. २०२५ च्या मे महिन्यात त्यांनी बार्सिलोनाला १-० हरवून युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हापासून भिंतीवर त्यांची खेळाडू अलेसिया रुसो आहे. मैदानात जायला घाबरणार नाही म्हणाली. पण "रुसो असेल का?" हे तीनदा विचारलं. मामाने कबूल केलेलं तिने रुसोसकट ऐकलं होतं, असं दिसतंय.

सातासमुद्रापार

अहो मग हे आधी सांगायचं! आर्सेनलच्या महिला संघाचे लीगचे घरचे सामने आता एमिरेट्सवरच होतात, तेच साठ हजारांचं मैदान. पुरुषांच्या सामन्याचं तिकीट सभासदत्वाशिवाय मिळणं जवळजवळ अशक्य. महिलांच्या सामन्याचं सरळ क्लबाच्या वेबसाइटवर मिळतं, आणि तुम्ही तिघं आणि मामा मिळून जाल तरी ३५० च्या पुष्कळ आत बसेल. वर रुसोच्या नावाचा शर्ट घेतलात तरी. गर्दीही कुटुंबवाली असते, शिवीगाळ नाही. सामन्यानंतर खेळाडू बऱ्याचदा कठड्यापाशी येतात, सह्या-फोटो होतात. नक्की होईलच असं मात्र तिला सांगू नका. कडेची खालची रांग घ्या.

महिलांच्या आंतरराष्ट्रीय सुट्ट्या पुरुषांपेक्षा वेगळ्या असतात, ते कॅलेंडर वेगळं बघा.

आणि काहीही झालं तरी बाहेरच्या कुणाकडून तिकीट घेऊ नका. फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा इथे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. विकणारा सापडो न सापडो, गेटवर तिकीट चाललं नाही तर तुम्हीच बाहेर.

हिशेबनीस

+१. शिवाय सकाळी एमिरेट्सची टूर होत असेल तर ड्रेसिंग रूम आणि बोगदा दोन्ही बघून होतात. हात धरायला बाबा आहेतच, फुकट. सामन्याच्या दिवशी टूर बहुधा नसते, वेगळा दिवस काढा.

जुना बालेवाडीकर

मामाचं काय पण? त्याने कबूल केलंय. मामा नाराज झाला तर बायको नाराज, मग तुम्ही एमिरेट्सला एकटे जाणार.

बाणेरचा बाप

मामाशी बोललो. त्याला उलट सुटल्यासारखं झालं. अर्धे १७५ देणार होता, आता चौघांची तिकिटं तो काढणार आणि शर्ट मी घ्यायचा असं ठरलंय. बायकोने दोन्हीकडच्या रकमा ऐकून घेतल्या आणि काही बोलली नाही, म्हणजे मंजूर.

मॅस्कॉटचं पूर्ण सोडलेलं नाही. मामा त्या क्लबाला मेल टाकतोय, सातासमुद्रापार यांचेच प्रश्न: सामना हलला तर काय, पैसे परत की नाही, आणि छोट्या सामन्याचा नेमका दर किती. पैसे परत म्हणाले आणि दर दोनशेच्या आत आला तर विचार करू, नाही तर राहू दे. उत्तर आलं की इथे टाकतो, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल.

एक शेवटचं. नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी स्टँडमध्ये कितपत थंडी वाजते? पुण्याचं स्वेटर पुरेल का?

सातासमुद्रापार

अजिबात नाही. पाच-सात अंशांत दोन तास एका जागी बसायचंय, तेही वारं आणि बहुधा पाऊस. आतून थर्मल, वर जॅकेट, कानटोपी, दोन जोड मोजे. कानटोपी तिथेच आर्सेनलची घेईल ती, सांगायला नको. आणि मॅस्कॉटचं जमलंच तर मेलमध्ये तेही विचारून ठेवा की शर्टाच्या आत थर्मल चालतं का आणि कोणत्या रंगाचं. आमच्या वेळी शर्टाच्या रंगाचंच हवं होतं, आणि शनिवारी सकाळी दुकानं पालथी घालावी लागली होती.